मायलनच्या सहाच्या बातम्या

५ मे २००३, सोमवार

पोचले एकदाची. ओमाहाहून निघाल्यापासून सहा तास गाडी हाकली, दोनदा वाट चुकले, आणि गाव सापडलं ते टेकडीवरच्या मनोऱ्यामुळे. तीस मैलांवरून दिसायला लागतो. त्याच्या पायथ्याशी विटांची एक बैठी इमारत, दारात दोन ट्रक आणि उन्हात लोळणारा एक कुत्रा. हेच चॅनल अकरा, माझी नवी नोकरी.

नकाशावर गावाचं नाव मिलान आहे. पेट्रोल पंपावर मी तसंच म्हणाले, तर तिथली बाई कंबरेवर हात ठेवून हसली. मिलान तिकडे इटलीत, इथे मायलन म्हणायचं. आणि बातम्या करायला आली असशील तर आत्ताच घोकून घे, नाहीतर लोक टीव्ही फोडतील. चार वेळा म्हणवून घेतलं, मगच स्वच्छतागृहाची किल्ली दिली.

ओमाहाच्या मोठ्या वाहिनीत मी चौथ्या नंबरची निर्माती होते. म्हणजे वरच्या तिघांनी चुका करायच्या आणि मी निस्तरायच्या. इथे मी एकटीच. सहाच्या बातम्यांत काय जाणार, कशानंतर काय, किती वेळ, सगळं मी ठरवणार.

राहायला खोली मिळाली आहे यांदा नवरा-बायकोच्या घरात, माडीवर. खाली रस्त्याच्या अंगाला लुमीर यांदांचं केस कापायचं दुकान. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण हात दगडासारखा स्थिर. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, हे केस ज्याने कापले त्याचं नाव पोलिसांना कळवलंस का? अल्बिनाबाईंनी त्यांना गप्प केलं आणि माझ्यापुढे गरम कोलाचे ठेवले. गोल मऊ पाव, मधोमध आलुबुखाराचं सारण. चार खाल्ले. पाचवा खिडकीत ठेवलाय, लिहिता लिहिता तोही जाईल.

मला इथे आवडणार आहे.

९ मे, शुक्रवार

पहिला आठवडा संपला. व्हर्नन आमडालबद्दल लिहायलाच हवं. एकोणतीस वर्षं सहाच्या बातम्या तोच वाचतो. लांब चेहरा, आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि दर गुरुवारी दुपारी लुमीरच्या खुर्चीत केस कापून घ्यायला हजर. गावात कुणी वाद घालायला लागलं तर दुसरा म्हणतो, व्हर्ननने सांगितलं का? नाही ना? मग खोटं.

आमच्या बातम्या म्हणजे हरवलेली कुत्री, गारपीट, शाळेच्या संघाची हार, आणि सगळ्यात शेवटी मृत्युवार्ता. त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं. पाच वाजले तरी याचं वाचन तयार नाही, कारण हा फोनवर. मृतांच्या घरी स्वतः फोन करतो, प्रत्येकाच्या. मी म्हटलं, दफनविधीवाल्यांनी यादी पाठवली आहे ना? तेव्हा त्याने सांगितलं. नोकरीच्या चौथ्या वर्षी त्याने एडना आणि एडा या दोन बहिणींत घोटाळा केला. जिवंत बहीण घरी बसून स्वतःच्या मरणाची बातमी ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती इथे आली आणि नुसती त्याच्यासमोर उभी राहिली. "तेव्हापासून फोन केल्याशिवाय मी कुणालाही मारत नाही," असं म्हणाला आणि पुढचा नंबर फिरवायला लागला.

भांडण मी हरले. बरं वाटलं.

१६ मे, शुक्रवार

आज सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. अनोळखी दोन माणसं आली होती, चांगल्या बुटांची.

त्यांनी सांगितलं ते असं : एक्केचाळीस वर्षं आपण ज्या नेटवर्कच्या मालिका आणि देशाच्या बातम्या दाखवतो, ते नेटवर्क आता आपल्याला सोडून शेजारच्या जिल्ह्यातल्या वाहिनीकडे चाललंय. हे केंद्र अलीकडेच विकत घेतलेला आपला नवा मालक दुसऱ्या नेटवर्कशी करार करून मोकळा झालाय. या मालकाची अशी तीसेक केंद्रं आहेत. त्या सगळ्या गावांच्या बातम्या एकाच ठिकाणी तयार होतात, आठशे मैलांवरच्या मुख्यालयात. दोन जूनपासून मायलनच्याही तिथेच होणार.

मॅनेजर खाली बघत उभा होता. नऊ माणसांपैकी सात जाणार. उरणार मी आणि प्रक्षेपण सांभाळणारा डेलमार स्टिट. मी गावातल्या बातम्या गोळा करून दुपारी तीनच्या आत संगणकावरून मुख्यालयाला पाठवायच्या. तिकडचा कुणी ग्रँट म्हणून आहे, तो वाचेल.

व्हर्ननने एकच प्रश्न विचारला. मृतांच्या घरी फोन कोण करणार? चांगल्या बुटांपैकी एकाने वहीत टिपून घेतलं आणि उत्तम मुद्दा आहे म्हणाला.

३० मे, शुक्रवार

व्हर्ननच्या शेवटच्या बातम्या. मला वाटलं होतं काही बोलेल. हरवलेली कुत्री वाचली, पाऊस वाचला, एक मृत्यू वाचला, आणि रोज म्हणतो तेच म्हणाला, "जेवून घ्या." मग कॅमेऱ्याकडे बघत राहिला. डेलमारने पडद्यावरून चित्र काढायला सात सेकंद उशीर केला. मुद्दाम.

नंतर पार्किंगमध्ये व्हर्नन मला म्हणाला की घरचा टीव्ही त्याने सकाळीच गॅरेजात नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. आपल्या जागी बसलेला माणूस बघण्याइतकं मोठं मन त्याचं नाही. हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते.

२ जून, सोमवार

ग्रँट दिसायला छान आहे. दात फार. मागे गावाचं चित्र लावलं होतं, पण धान्याची कोठारं आमची नव्हती. आणि पहिल्याच वाक्याला "नमस्कार, मिलान!"

साठ फोन आले. एक म्हातारी म्हणाली, मेल्याला नाव तरी घेता येतं का आमचं! मी मुख्यालयाला उच्चार लिहून पाठवला. उद्यापासून सहा ते सात मी फोनच्या खोलीतच बसणार, तिथे टीव्ही नाही. लोकांच्या शिव्या ऐकायलाही कुणीतरी हवंच.

६ जून, शुक्रवार

काल ग्रँटने "मायलन" म्हटलं. अगदी बरोबर, इथे जन्मल्यासारखं. मी ऐकलं नाही, अल्बिनाबाईंनी सांगितलं. फार कौतुकाने सांगितलं. पोरगं शिकलं बघ, असं.

आज एकही फोन आला नाही. तासभर रिकामी बसले.

१० जून, मंगळवार

जसं झालं तसंच लिहिते.

सात वाजता घरी आले. ऊन अजून चांगलं होतं. दारात शेजाऱ्यांच्या चार गाड्या. स्वयंपाकघरात अल्बिनाबाई रडत होत्या, बायकांनी त्यांना धरलं होतं. आणि लुमीर त्यांच्या समोर, स्वतःच्या खुर्चीत बसलेले. चेहरा पांढराफटक. मला बघताच उठले. "नेडीन, तू तरी सांग ह्यांना!"

मी विचारलं, काय झालं? तर एक शेजारीण माझा हात धरून म्हणाली की लुमीर गेले, हृदय बंद पडून, आत्ताच बातम्यांत सांगितलं. मी हसले. ही काय थट्टा? हे काय उभे आहेत ना! सगळ्या जणी माझ्याकडे दयेने बघायला लागल्या. एक म्हणाली, धक्का बसलाय पोरीला, पाणी द्या.

लुमीरनी अल्बिनाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. मी बघत होते. त्या शहारल्या, खांदा चोळला आणि म्हणाल्या, खिडकी लावून घ्या गं, गार वारं येतंय.

बाहेर शेतातली धूळसुद्धा हलत नव्हती.

११ जून, बुधवार

मुख्यालय रोज सकाळी आदल्या दिवशी वाचलेल्या बातम्यांचा कागद फॅक्सने पाठवतं. आजच्या कागदावर शेवटून दुसरी : "मायलनमधील जुने केशकर्तनकार लुमीर यांदा (७४) यांचे हृदयविकाराने निधन." खाली : पाठवणारी, नेडीन फाही, दुपारी २.४०.

मी पाठवलेली नाही. दोन चाळीसला मी बेकरीवाल्याची मुलाखत घेत होते.

फोन केला. तिकडच्या बाईचा आवाज गोड. म्हणाली, आम्हाला तुमच्या गावाचं काय माहीत? तुम्ही पाठवता तेच आम्ही वाचतो. दुरुस्ती पाठवा, लगेच घेऊ. पाठवली. सहा वेळा पाठवली. डेलमारला सांगितलं, तो माझ्याबरोबर घरी आला. त्यालाही लुमीर दिसतात! सहा वाजता तो यंत्रांचे काटे बघत असतो, चित्र बघत नाही.

मग लक्षात आलं. ज्यांनी ती बातमी पाहिली, त्यांनाच ते दिसत नाहीत. म्हणजे अख्खं गाव.

१५ जून, रविवार

दफन झालं.

लुमीर पहाटेपासून माझ्या मागे लागले होते, की एकटा जाणार नाही. तेव्हा गेले. चर्चमध्ये दोनशे माणसं. लुमीर पहिल्या बाकावर अल्बिनाबाईंच्या शेजारी बसले, नेहमीच्या जागी. पाद्रीबाबांनी त्यांच्याबद्दल फार चांगलं सांगितलं. मध्येच लुमीर वळून मला म्हणाले की हे आधी सांगितलं असतं तर यांचे केस मी जरा बरे कापले असते. मला हसू आलं, आणि पुढच्या ओळीतल्या बाईने रागाने मागे पाहिलं.

पेटी बंद होती. लुमीरनी आदल्या दिवशी जाऊन बघितलं होतं. आत फक्त त्यांचा रविवारचा सूट, घडी घातलेला. दफनविधीवाला त्या सुटाच्या गळ्याशी टाय बांधत होता.

व्हर्नन शेवटी आला, टोपी हातात घेऊन. वर्तमानपत्रात वाचून आला होता. दारातून आत आला, पहिल्या बाकाकडे बघितलं, आणि होता तिथेच थिजला. त्याने त्यांना पाहिलं. त्याचा टीव्ही भिंतीकडे तोंड करून आहे.

१९ जून, गुरुवार

आठवड्यात आणखी चार. शाळेची ग्रंथपाल. खाटिकाचा भाऊ. तळ्याकाठी राहणारं एक जोडपं. सगळ्यांखाली माझं नाव, २.४०. आज मी संगणकाची वायर काढून मांडीवर घेऊन बसले होते. तरीही २.४०.

ते टेकडीवर येतात. दुसरीकडे कुठे जाणार? मला आणि डेलमारला दिसतात, म्हणून येतात. ग्रंथपालबाई रोज विचारते, आज दुरुस्ती वाचली का हो? मी रोज म्हणते, उद्या वाचतील. जोडप्यातली बाई बोलत नाही. तिची मुलगी घरातलं सामान गाडीत भरत होती, ही तिच्यापुढे आडवी झाली, आणि मुलगी तिच्यावरून—

वाईट नाही झालं काही. मुलगी अडखळली आणि फरशीला शिवी दिली. बस.

अल्बिनाबाई घरात जूनच्या उन्हाळ्यात लोकरी अंगरखा घालून बसतात. लुमीर सारखे जवळ असतात म्हणून.

२१ जून, शनिवार

लुमीरनी टीव्ही बघितला.

मी नको म्हटलं होतं. पण त्यांना अल्बिनाबाईंच्या शेजारी सोफ्यावर बसायचं होतं, रोज बसायचे तसं. सहाला पंधरवड्याच्या ठळक बातम्या पुन्हा लावल्या. मी केंद्रावरून आले तेव्हा ते दुकानात आरशासमोरच्या खुर्चीत बसलेले. मी हाक मारली. फार शांतपणे म्हणाले, "दहा जूनला, पोरी. हृदयविकार. मला कळलंच नाही बघ तेव्हा."

म्हटलं, लुमीर, तुम्ही माझ्याशी बोलताय. तर म्हणाले, "हो ना, उगाच बोलतोय." उठले, पांढरा कोट काढून खुंटीला लावला, आणि दफनभूमीच्या रस्त्याने निघाले. मी मागे धावले. चौकापर्यंत दिसत होते. नंतर रस्ता सरळ आहे, झाड नाही, आडोसा नाही. मैलभर दिसतं. तिथे कुणी नव्हतं.

२३ जून, सोमवार, दुपार

व्हर्ननकडे गेले होते. सगळं सांगितलं. त्याने शंका काढली नाही. उठून दाढी केली.

आज सहाला डेलमार मुख्यालयाची तार उपटणार आणि आमचा स्टुडिओ जोडणार. व्हर्नन टेबलाशी बसून वाचेल : ही माणसं जिवंत आहेत, नावं अशी. एकोणतीस वर्षं गावाने त्याच्यावर विश्वास ठेवला. चौघांपैकी तिघं आले आहेत, कॅमेऱ्यामागे ओळीने उभे राहणार आहेत. ग्रंथपालबाईंनी केस विंचरलेत. मला पहिल्यांदा वाटतंय की—

२३ जून, संध्याकाळ

व्हर्ननने उत्तम वाचलं. एक शब्द अडखळला नाही. शेवटी म्हणाला, जेवून घ्या.

मी फोनपाशी बसले. एकही वाजला नाही. दहा मिनिटं. वीस. मग यंत्राच्या खोलीत गेले. डेलमारच्या हातात उपटलेली तार. समोर छोटा टीव्ही, बाहेर काय जातंय ते बघायला लावलेला. बघावंच लागतं ना, चित्र गेलं की नाही ते. तो रडत होता.

तार हातात असताना त्या टीव्हीतून ग्रँटचा आवाज येत होता. मायलनचे लाडके व्हर्नन आमडाल आज दुपारी गेले, म्हणाला.

व्हर्नन माझ्या मागून आत आला. डेलमारच्या खांद्याला धरून हलवलं. डेलमार, अरे, इकडे बघ. डेलमारने खांदा झटकला. मला विचारलं, त्याला कुठे ठेवलंय, नेडीन? मला बघायचंय त्याला.

मी पडद्याकडे बघितलं नाही. तेवढं भान राहिलं.

२४ जून

डेलमार आला नाही. राजीनाम्याचा कागद दारात. आता मला दिसतात ती माणसं दुसऱ्या कुणालाच दिसत नाहीत. व्हर्नन स्टुडिओतल्या टेबलाशी बसून आहे. उठत नाही. सहा वाजले की वाचतो. कॅमेरा बंद आहे.

२५ जून

उपाहारगृहात बसले. कॉफी आली नाही. दोनदा हाक मारली. वाटलं, गावाचा राग असेल, मी व्हर्ननला नादी लावलं असं डेलमारने सांगितलं असेल. पंपावरची बाई माझ्या शेजारच्या माणसाशी बोलली, माझ्याशी नाही. अल्बिनाबाईंनी ताट एकच मांडलं.

आवारातली माझी गाडी नाही. कुणी नेली?

कागद अजून वाचला नाही. फॅक्समध्ये पडलाय. उद्या.

२६ जून

वाचला.

"चॅनल अकराच्या निर्मात्या नेडीन फाही (३६) यांचे मोटार-अपघातात निधन. आईला कळवण्यात आले आहे." २.४०.

म्हणून गाडी नाही. चक्काचूर झाली, तर असणार कुठे.

मग सुचलं, आई! आई ओमाहाला. तिथे आमचं चित्र पोचत नाही. तिने काही पाहिलेलं नाही. फोन केला. तिने उचलला, माझा आवाज ऐकला, आणि किंचाळली. मग हसली, मग रडली, मग ओरडली, काय गं हे, तिकडच्या पोलिसांच्या शेरीफने मला सांगितलं तू— कोण हा मूर्ख, त्याची तक्रार करते! माझी आई. तिला ऐकू येतं. मी आहे.

सगळं सांगितलं. तिला पटलं नाही, पण येते म्हणाली, उद्या न्यायला येते. मी शपथ घातली : आई, वाटेत टीव्ही बघू नकोस. मायलनजवळ कुठे थांबू नकोस. सहाला तर मुळीच नाही. ती म्हणाली, तू थकली आहेस, राजा. नाही बघणार. तुझ्यासाठी डोळे मिटून गाडी चालवीन, मग तर झालं?

२७ जून, दुपार

सामान भरत नाही. नुसती जाणार. ही वही तेवढी घेणार. व्हर्ननला सांगायला गेले, चल, तूही चल, मायलनच्या बाहेर दिसशील. तो म्हणाला, सहाची वेळ होत आली, जागा सोडून कसा येऊ.

बाकीचे गवतावर बसलेत, मनोऱ्याकडे तोंड करून. ग्रंथपालबाईला मी दिसत नाही आता; तिनेही कुणाच्या तरी खिडकीतून सहाच्या बातम्या बघितल्या असणार.

आई दुपारी बाराला निघाली. पावणेसहापर्यंत यायला हवी.

२७ जून, सहा वाजून पाच

आली नाही. यांदांच्या घराच्या पायरीवर बसले आहे.

सहा वाजून पंचवीस

दिसली. तिची निळी गाडी. आली माझी

सहा चाळीस

पंपावर थांबली होती. वाट विचारायला. आणि स्वच्छतागृहाची किल्ली मागायला, सहा तास गाडी चालवली ना, म्हातारी आहे. पंपावर टीव्ही आहे. गल्ल्याच्या वर. आज माझी बातमी पुन्हा लावली असणार. माहीत होतं मला. मी सांगितलं नाही. थांबू नकोस म्हटलं, पंपावर असं म्हटलं नाही. का नाही म्हट—

गाडीतून उतरली. मी हात पसरून उभी. ती माझ्या अंगावरून गेली. तिच्या कपड्यांचा वास आला. दारात अल्बिनाबाईंनी तिला मिठी मारली. दोघी रडल्या. आई म्हणाली, काल फोनवर तिचा आवाज ऐकल्यासारखं झालं हो मला. अल्बिनाबाई म्हणाल्या, मलाही होतं तसं. होतं.

आई, काल मीच—

माडीवर

माझे कपडे घड्या घालून पेटीत ठेवते आहे. प्रत्येक नाकाला लावते.

मी ओरडले. तिचा हात धरला. तिने अंगरखा घातला.

लिहिलेलं दिसेल? लिहिलेलं तरी— वही टेबलावर उघडी ठेवली आहे, तिच्यासमोर. बघ. बघ ना.

बघितली

घेतली. पलंगावर बसली, वही मांडीवर. वाचते आहे. मे महिना. कोलाचे. हसली. आई हसली.

पानं उलटते. जून. थांबत नाही. भराभर उलटते. दहा जून, अकरा, पंधरा. डोळे ओळींवरून फिरत नाहीत. कोरी पानं उलटावी तसं—

नाही. आई, कोरी नाहीत. हे बघ, हे शेवटचं पान. वही तुझ्या मांडीवर आहे आणि मी तुझ्यापुढे गुडघ्यावर बसून त्यातच लिहिते आहे, तुझ्या अंगठ्याच्या शेजारी. पेन हलतंय बघ.

तिने हात फिरवला पानावरून. पुसल्यासारखा. मिटते आहे

मिटू नकोस. शाई ओली आहे अजून. बोट लाव, आई. ओली आहे, बोटाला लागेल, बोट ला—